लेखीत पहिली, तोंडीत शून्य

सत्तावन्न सालच्या एप्रिलमध्ये पिंपरीजवळच्या एका नव्या कारखान्यात भांडार-कारकुनाच्या एका जागेसाठी इंग्रजीच्या दोन परीक्षा झाल्या. लेखीत पहिली आलेली उमेदवार तोंडी परीक्षेत एकही शब्द बोलली नाही. मी त्या कचेरीत कनिष्ठ कारकून होतो. उमेदवारांना आत बोलावणे आणि साहेब सांगतील ते गुण तक्त्यात भरणे, हे माझे काम.

लेखी शनिवारी झाली. एक पानभर उतारा आणि खाली प्रश्न. बहुतेकांनी शाळेत शिकलेली रीत वापरली. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे आणि ते ज्या वाक्यात सापडतील ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. उत्तर बरोबर येते, उतारा कळला नाही तरी. तिने सगळी उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहिली होती. साहेबांनी एका उत्तराखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली आणि ही बाई कोण, असे मला विचारले.

ती पुण्यात मॅट्रिक होऊन तळवड्याच्या शेतकरी घरात सून म्हणून आलेली. नवरा दोन वर्षांपूर्वी विषमज्वराने गेला होता. पाच वर्षांची मुलगी होती. नोकरी लागली तर मुलीला पुण्याला मामाकडे ठेवून शाळेत घालता येईल, मामाला महिन्याचा खर्च तेवढा पाठवावा लागेल, असे तिने अर्ज देताना मला सांगितले होते. अर्ज करायला सासऱ्यांनीच लावले होते. भावकीने नावे ठेवली, ती त्यांनी ऐकून घेतली.

तोंडी मंगळवारी होती. परदेशी इंजिनिअर भांडाराच्या खिडकीशी येऊन तोंडीच सामान मागत, म्हणून ही दुसरी परीक्षा. दोन्हींत वेगवेगळे पास व्हावे लागे. कित्येकजण निबंध पाठ करून आले होते. साहेब दुसऱ्या वाक्याला थांबवत आणि आज येताना वाटेत काय पाहिलेत ते सांगा, म्हणत. तिथे बहुतेकांचे संपले. दापोडीचा एकजण लेखीत जेमतेम पास झाला होता. लष्करी डेपोत हमाली करताना त्याने इंग्रजी कानांनी उचलले होते. सायकल कशी पंक्चर झाली ते त्याने चुकीच्या क्रियापदांत, हातवारे करून सांगितले. साहेब हसले.

तिची पाळी दुपारी आली. सासरे फेटा बांधून, तळवड्यापासून तिच्याबरोबर चालत आले होते आणि व्हरांड्यात उन्हात उभे होते. मी त्यांना आत घेतले आणि दाराजवळ खुर्ची दिली. साहेबांनी हरकत घेतली नाही.

ती आत आली, तिने दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिले, पदर कपाळापर्यंत ओढला आणि खाली बघत उभी राहिली. साहेबांनी तोच वाटेतला प्रश्न विचारला, मग सावकाश पुन्हा विचारला. मग नाव विचारले. तिसऱ्या प्रश्नाला माझ्या लक्षात आले. माझी आईसुद्धा तिच्या सासऱ्यांसमोर, म्हणजे माझ्या आजोबांसमोर, कधी बोलली नव्हती. परीक्षा चालू असताना कारकुनाने बोलायचे नाही, असा नियम होता. मी बोललो नाही. साहेबांनी घड्याळ पाहिले आणि शून्य लिहायला सांगितले. मी लिहिले.

सासरे बाहेर नळावर पाणी प्यायला गेले तेवढ्यात ती व्हरांड्यात माझ्यासमोर थांबली आणि तिने त्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत दिले. विटांच्या गाड्या, पुलाचे काम, रस्त्याकडेला स्वयंपाक करणाऱ्या मजूर बायका. सहा-सात वाक्ये, कुठेही न अडखळता. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

सासरे परत आले. काम झाले असे त्यांना वाटत होते.

"साहेबाम्होरं सून कशी मर्यादेनं हुबी ऱ्हायली, बघितलं न्हवं?" ते मला म्हणाले. "एक शबुद वावगा न्हाई. आता साहेबाला आनि काय पायजे?"

मी मान हलवली. तिने पायात वहाणा घातल्या.

संध्याकाळी मी साहेबांना कारण सांगितले आणि सासऱ्यांना बाहेर बसवून तिला पुन्हा एकदा विचारावे, अशी विनंती केली. ते पुण्याचेच होते, रीत त्यांना ठाऊक होती.

"आणि उद्या सासरे खिडकीशी येऊन उभे राहिले, तर काय खिडकी बंद ठेवायची?" ते म्हणाले. खुर्ची मीच दिली होती, तो विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

शुक्रवारी निकाल लागला. जागा दापोडीच्या उमेदवाराला मिळाली. पावसाळ्यात ती कारखान्याच्या पेट्या भरण्याच्या खात्यात रोजंदारीवर लागली. तिथे इंग्रजी लागत नव्हते.

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर मी नोकरी सोडली आणि पुण्यात एका वर्तमानपत्रात रुजू झालो. शेवटच्या दिवशी हजेरीपट मीच भरला. तिचे नाव पेट्या भरण्याच्या खात्यातच होते. मुलगी तळवड्यातच होती.