मंडळीची ओळ

शेजारच्या सुशीलामावशी दर रविवारी सकाळी खिडकीत बसून मोठ्यानं स्तोत्र वाचायच्या. चर्चला जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. लेकीनं हिंदू मुलाशी लग्न केलं, तेव्हा पाळकांनी भर उपासनेत त्यांना नाव घेऊन सुनावलं. त्या उठल्या, दाराबाहेर काढलेल्या चपला पायात सरकवल्या आणि घरी आल्या. पुन्हा तिकडं फिरकल्या नाहीत.

चर्चमध्ये स्तोत्राची एक ओळ पाळक वाचतात, पुढची ओळ सगळी मंडळी एका सुरात वाचते. मावशी घरात एकट्याच, तरी मंडळीचीच ओळ वाचायच्या. मधल्या, पाळकांच्या ओळीला गप्प राहायच्या, मान जराशी खाली घालून.

एकदा मी विचारलं, "मावशी, सगळंच का नाही वाचत?"

"ती ओळ माझी नाही गं," त्या म्हणाल्या.

माणूस रागानं उठून येतो, पण आपली जागा तिथंच ठेवून येतो की काय, कोण जाणे. देव तर त्यांच्या स्वयंपाकघरातही होताच. चहा ओतताना त्या त्याच्याशी बोलायच्या. वाट मात्र त्या त्याची बघत नव्हत्या. मावशी माणसांच्या आवाजाची वाट बघत होत्या.

या रविवारी खिडकी बंद आहे. मावशी दवाखान्यात आहेत आणि आता माणसं ओळखत नाहीत. भांडी घासताना त्यांचं स्तोत्र माझ्या ओठांवर आलं. ऐकून ऐकून पाठ झालंय, पण अर्धंच. मधल्या ओळींशी मीही गप्प होते.