परतीची टेस्ट आणि निगोंबोतले दहा दिवस

आईने पासपोर्टचा फॉर्म भरायला सांगितला तेव्हा पप्पांना जाऊन पाच महिने झाले होते. तोवर ती घरात काहीच मागत नव्हती. वाढलं की जेवायची, गोळ्या हातावर ठेवल्या की घ्यायची. त्या दिवशी मी ऑफिसमधून चारकोपला घरी आले तर ती म्हणाली, "वैशू, तुझे पप्पा अनुराधपूरला जायचं म्हणायचे. आपण जाऊन येऊ."

पप्पा इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छापखान्यात मशीनवर होते. रिटायर झाल्यावर विहारातल्या मंडळींबरोबर बोधगया, सारनाथ करून आले. श्रीलंकेतला बोधिवृक्ष तेवढा राहिला. बोधगयेच्या झाडाची फांदी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एका राजकन्येने समुद्रापार नेली आणि ते झाड अजून उभं आहे, हे त्यांनी आम्हाला कितीदा सांगितलं असेल. एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले.

त्याबद्दल थोडं लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पॅथॉलॉजी लॅबचा माणूस घरी येऊन टेस्ट करून गेला, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि संध्याकाळपर्यंत पप्पांचा ऑक्सिजन उतरायला लागला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एकालाच बसू देत होते. आई बसली. मी घरून बेडसाठी फोनवर फोन लावत होते. कोविड सेंटरच्या गेटवर तिला थांबवलं, पप्पांना आत न्यायला अजून वेळ होता. तिने मला फोन केला, "मी इथंच बसते." मी म्हणाले, "आई, तिथे बसून काय होणार? रिक्षा पकड आणि घरी ये." ती आली. नवव्या दिवशी पप्पा गेले.

डिसेंबरमध्ये आम्ही निघालो. तेव्हाचे नियम असे होते: जाताना लसीचे दोन डोस आणि टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट, येताना विमानाच्या आधी बहात्तर तासांत पुन्हा टेस्ट, आणि तो रिपोर्ट सरकारी पोर्टलवर चढवायचा. श्रीलंकेच्या व्हिसाबरोबर कोविडचा विमाही घ्यावा लागत होता. मी तो फॉर्म भरताना वैतागले होते. जाण्याआधीची टेस्ट बोरीवलीला लॅबमध्ये जाऊन केली, कारण घरी कुणाला बोलवायचं नाही असं आईने आधीच सांगितलं होतं. नाकात काडी जाताना तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं उमटली. मी समजले, दुखलं असेल.

मुंबईहून कोलंबो अडीच तासांचा प्रवास. विमानतळ कोलंबो शहरात नाही, निगोंबो नावाच्या मच्छीमारांच्या गावाजवळ आहे, त्यामुळे पहिला आणि शेवटचा मुक्काम निगोंबोला करणं सोयीचं पडतं. आम्ही उतरलो ते घर चंद्रा नावाच्या बाईंचं होतं. वय आईएवढंच, नवरा नाही, मुलगी ऑस्ट्रेलियात. वरच्या मजल्यावर त्या राहायच्या आणि खालच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. खोल्यांपुढे लांब व्हरांडा, पुढे नारळाची झाडं. भाडं आपल्या पैशात दिवसाला दीड हजार, नाश्त्यासकट. तिथे चहात दुधाची पावडर घालतात, पण तेव्हा आर्थिक संकटामुळे ती देशात मिळत नव्हती, म्हणून चहा कोराच. गॅस सिलिंडरचीही बोंब होती. चंद्राबाई मागच्या अंगणात चुलीवर नारळाच्या करवंट्या जाळून स्वयंपाक करत होत्या. आईने ती चूल पाहिली आणि सरळ चपला काढून शेजारी बसली. वाशीमच्या तिच्या माहेरी ती अशाच चुलीपाशी वाढलेली. इंग्रजी दोघींनाही जेमतेम यायचं, पण फुंकणी मागायला भाषा लागली नाही. सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात हे त्यांना लवकरच कळलं, आणि मग दोघी एकमेकींना अक्का म्हणू लागल्या.

दुसऱ्या दिवशी व्हॅन करून अनुराधपूर. पुत्तलमच्या रस्त्याने चार तास लागतात, रस्ता उत्तम. जाणार असाल तर पांढरे कपडे न्या आणि सकाळी लवकर पोचा, कारण अनवाणी चालावं लागतं आणि दुपारी फरशी पोळते. गेटजवळ निळी कमळं विकायला असतात. आईने पांढरं लुगडं नेसलं होतं. झाडाभोवती सोनेरी कठडा आहे, फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. झाड मोठं नाही. माझ्या मनात ते आपल्या नॅशनल पार्कातल्या वडाएवढं होतं. मी जरा हिरमुसले, पण आईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिथे वाळूत बसून दहा-बारा सिंहली बायका त्रिसरण-पंचशील म्हणत होत्या. आई त्यांच्या मागे जाऊन बसली आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागली. चाल वेगळी, पण पाली शब्द तेच. एका बाईने मागे वळून पाहिलं आणि सरकून तिला जागा दिली. पप्पांच्या वेळी आम्ही पाच माणसांत, मास्क लावून, दहा मिनिटांत वंदना उरकली होती. आई त्या दिवशी तासभर बसली.

मोठा पांढरा स्तूप पाहिला, तळ्याकाठी भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ, आणि खोबऱ्याची तिखट चटणी खाल्ली, जवळच्या मिहिंतले टेकडीच्या पायऱ्या निम्म्या चढलो. कँडी करायचं होतं, पण आई म्हणाली, "बास. ज्यासाठी आलो ते झालं." तिसऱ्या दिवशी निगोंबोला परतलो. परतीच्या विमानाला दोन दिवस होते.

टेस्टसाठी चंद्राबाईंनी लॅबच्या मुलीला घरीच बोलावलं. आपल्या पैशात माणशी अडीच हजारांच्या आसपास पडले. ती पांढरा सूट घालून, डोक्यापासून पायापर्यंत झाकून व्हरांड्यात आली, आणि आई खुर्चीवरून उठून भिंतीला टेकली. तिला दाखवायला आधी मी काडी घालून घेतली. मग आई बसली. झाल्यावर तिने मला विचारलं, "आता घेऊन तर नाही ना जाणार?"

"कुणाला?"

तिने पुन्हा माझं मनगट धरलं. मनगटावरच्या त्या नखांचा अर्थ मला तेव्हा लागला.

संध्याकाळी ईमेल आले. आई निगेटिव्ह, मी पॉझिटिव्ह. दोन दिवस घसा खवखवत होता तो मी व्हॅनच्या एसीवर ढकलला होता. मी खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि आईला दाराआडूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी आरोग्य निरीक्षक आले. वयस्कर, शांत माणूस. मला दहा दिवस खोलीतच राहायचं होतं. जेवण दाराबाहेर, बाथरूम वेगळं, रोज दोनदा ऑक्सिजन मोजून फोनवर कळवायचा. ब्याण्णवच्या खाली गेला तर हॉस्पिटल. आईचे दोन्ही डोस झालेले, रिपोर्ट निगेटिव्ह, लक्षणं नाहीत. ती ठरल्या विमानाने जाऊ शकते, असं ते म्हणाले.

मी मुलुंडला प्रशांतला फोन लावला. माझा धाकटा भाऊ.

"आईला पाठवून दे, ताई. मी एअरपोर्टला येतो घ्यायला."

"तेच सांगतेय तिला."

"सांगत काय बसलीस? बसव तिला टॅक्सीत. तिला शुगर आहे. तिला काही झालं तिकडे तर काय करणार तू एकटी?"

त्याचं खरं होतं. माझ्या खोलीला व्हरांड्याकडे उघडणारी गजांची खिडकी होती. आईला सात-आठ हात लांब खुर्ची ठेवून बसायला सांगितलं आणि मी खिडकीतून बोलले. उद्या सकाळी टॅक्सी येईल, चंद्राबाई सोबत येतील, विमानात फक्त बसायचं, मुंबईला प्रशांत उभा असेल. तिने सगळं ऐकून घेतलं. चिडली किंवा घाबरली की आई वऱ्हाडीवर येते.

"मी कुठी जाऊन नाही राहिली."

"आई, इथे बसून काय होणार आहे?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि ते मी आधी कधी बोलले होते हे मला त्याच क्षणी आठवलं. तिलाही.

"तवा ऐकलं मी तुझं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्यांनी आत जाताना मागं वळून पाह्यलं असंल का, ते मला माहीत नाही. मी रिक्षात होती."

आठ महिन्यांत ती या गोष्टीवर एक शब्द बोलली नव्हती. मला वाटायचं ती विसरली, निदान मला विसरायचं होतं. मी खिडकीतच रडले. ती उठून जवळ यायला लागली तर मला ओरडावं लागलं, लांब राहा म्हणून. ती पुन्हा खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "प्रशांतला सांग तिकीट पुढे ढकलायला. दोघींचं."

प्रशांत फोनवर आधी तापला. मग म्हणाला, "तिच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत विचार." चार दिवसांच्या होत्या. (औषधं नेहमी दुप्पट दिवसांची न्या. तेच नाव दुसऱ्या देशात मिळत नाही, म्हणून गोळीतल्या घटकाचं नाव लिहून ठेवा.) त्याने आमच्या डॉक्टरांकडून ते मागवून पाठवलं आणि चंद्राबाईंनी गावातल्या दुकानातून गोळ्या आणल्या. बाईंना मी म्हटलं होतं, तुम्हाला नको असेल तर आम्ही दुसरीकडे जातो. त्या म्हणाल्या, "अक्का माझ्या चुलीवर भाकरी करते. आता कुठे जाता?"

ज्वारी तिथे मिळेना, म्हणून आई तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या थापायची. ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मागे सरकायची आणि मी जेवेपर्यंत बघत बसायची. दिवसभर तीच खुर्ची. दुपारी ऊन व्हरांड्यात आलं की खुर्ची सरकवायची, पण खिडकीसमोरून हलायची नाही. कधी वंदना म्हणायची, कधी पप्पांचं काहीतरी सांगायची. वाशीमहून आल्यावर पहिलं वर्ष ते छापखान्यातच कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपायचे, हे मला तिथे कळलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला मुंबईत आणलं तेव्हा खोलीचं कुलूप उघडेना, म्हणून दोघं दोन तास पायरीवर बसून होते. हे सांगताना ती हसली. किती दिवसांनी.

चौथ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी दुपारी ऑक्सिजन चौऱ्याण्णव, संध्याकाळी त्र्याण्णव. मी बोटातलं यंत्र काढून परत लावलं. तेच. आई खिडकीपासून लांब होती, पण माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"आकडा सांग."

"त्र्याण्णव."

निरीक्षकांना फोन केला. त्यांनी पालथं झोपायला सांगितलं, तासातासाने मोजायला सांगितलं, आणि गाडी तयार ठेवतो म्हणाले. आई आपल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिने चप्पल घातली होती आणि हातात पिशवी होती: शाल, पाण्याची बाटली, गोळ्या, पासपोर्ट.

"हे कशाला?"

"गाडी आली तर मी मागून येईन. अक्का रिक्षा सांगणार आहे. आत नाही सोडलं तर गेटवर बसेन. तू आत गेलीस तरी मी तिथं आहे, हे ध्यानात ठेव."

मी पालथी पडून श्वास मोजत होते. ती बाहेर मोठ्याने वंदना म्हणत होती, मला ऐकू यावी म्हणून. थोड्या वेळाने चंद्राबाईंचा आवाजही त्यात मिसळला, त्यांच्या चालीत. एका तासाने त्र्याण्णव. नंतर चौऱ्याण्णव. मग मला झोप लागली. सकाळी शहाण्णव होता. खिडकी उघडली तर आई खुर्चीतच होती, चप्पल पायात. मी बोटं दाखवून आकडा सांगितला. तिने चप्पल काढली आणि चूल पेटवायला गेली.

दहाव्या दिवसानंतर पुन्हा टेस्ट. दोघी निगेटिव्ह. बरं झाल्यावरही रिपोर्ट काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतो, तेव्हा आमचं नशीब म्हणायचं. विम्याने औषधांचा आणि टेस्टचा खर्च दिला. खोलीचं जास्तीचं भाडं आम्ही देऊ लागलो तर चंद्राबाईंनी निम्मंच घेतलं. निघताना दोघी अक्का एकमेकींच्या पाया पडायला वाकल्या आणि डोकी आपटली.

मुंबईत प्रशांत उभा होता. त्याने आईला जवळ घेतलं आणि मला म्हणाला, "बारीक झालीस." गाडी अंधेरीच्या पुढे गेली. मग आईने त्याला गेटवरची गोष्ट सांगितली, मला सांगितली तशीच. त्याने गाडी बाजूला घेतली.

लोक विचारतात, सहल फुकट गेली ना? कँडी राहिलं, समुद्र घरापासून पाच मिनिटांवर असून मी पाहिला नाही. जाणार असाल तर परतीच्या टेस्टनंतरचे दहा दिवस हातात धरून चला, निदान मनाने. मला त्या दिवसांनी काय दिलं ते मला नीट मांडता येत नाही. त्या वाक्याबद्दल आईने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तिने माझ्यावर कधी दोष ठेवलाच नव्हता असं आता वाटतं. मीच धरून बसले होते.

एप्रिलमध्ये पप्पांना वर्ष झालं. या वेळी घर भरलं होतं. वाशीमहून आत्या आली, विहारातले सगळे आले, जिन्यातही माणसं बसली. वंदना झाल्यावर आत्याने आईला विचारलं, "वहिनी, लंकेला जाऊन आल्या म्हणे. काय काय पाह्यलं?"

आई वाढत होती. खिरीचा डाव हातात तसाच धरून तिने जरा विचार केला.

"झाड पाह्यलं," ती म्हणाली. "आणि माझी पोरगी बरी होताना पाह्यली. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत." मग आत्याच्या वाटीत खीर घालून ती पुढच्या पानाकडे गेली.