भाऊबीजेची सकाळपाळी

"मला कुठंही टाका, ताई," असं म्हणत आमचे दादा ड्युटीच्या यादीतल्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवायचे. उज्जैन स्टेशनवरच्या आमच्या पार्सल ऑफिसात दिवाळीच्या पाळ्या लावणं माझं काम. आधी त्यांचं नाव भरलं की निम्मी यादी झाली.

तुमच्यापैकी कुणी अशा याद्या केल्या असतील, तर ठाऊक असेल की दिवाळी एक नसते. मला नव्हतं ठाऊक. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचेच तास वाटून दिले, तेव्हा तेच यादी परत घेऊन आले.

"तामिळवाल्याला चतुर्दशीची पहाट द्या. तेल, नवे कपडे, फटाके, सूर्य उगवायच्या आत त्याचं सगळं उरकतं. बंगालीबाबूला कालीपूजेची रात्र. गुजरातीभाईचं पाडव्याला नवं वर्ष. आपल्या माळव्यातल्यांनाही पाडव्याची सकाळच हवी, अंगणात शेणाचा गोवर्धन घालतात. बिहारवाल्याला आत्ता राबवा, छठला सोडा."

"आणि तुम्हाला?"

"अपना क्या है, ताई!"

बंगालीबाबूंनी एकदा चिडवलं, "दादा, आपकी दिवाली कब आती है?"

"जिस दिन तुम लोग छुट्टी से लौटते हो."

खरंच होतं ते. त्या दिवसांत त्यांच्या टेबलावर मुरुक्कू, घुघरा, ठेकुआ, सगळे प्रांत जमायचे. एकटा माणूस, नानाखेड्याला दोन खोल्या. डबे मात्र लख्ख धुऊन ज्याचे त्याला परत.

एका वर्षी यादी बोर्डावर लागल्यावर ते आले. "ताई, भाऊबीजेला सकाळी सोडाल का?"

मी हसले. "अहो, तुम्हीच सुट्टी मागायला लागलात तर आमची दिवाळी कशी व्हायची?" सगळं ऑफिस हसलं. तेही हसले. "नाही, सहज विचारलं."

कारण मी विचारलं नाही. त्या सकाळी देवासहून माझा भाऊ यायचा होता, आणि यादीत माझ्या जागेवर तेच होते.

भाऊबीजेला तीन वाजता मी फराळाचा डबा घेऊन ऑफिसात पोचले. पाळी सुटायला अजून तासभर होता, ते पार्सलांवर नंबर टाकत होते.

"बहीण आली होती खंडव्याहून," मान वर न करता म्हणाले. "बऱ्याच वर्षांनी. मेहुणे अंथरुणावर असतात, तिला निघता येत नाही. किल्ली शेजारी ठेवली होती. दीडची बस होती तिची परतीची."

"अहो, मग मला सांगायचं नाही?"

"यादी लागली होती, ताई."

मी त्यांना तिथल्या तिथे घरी पाठवलं. त्याचा काही उपयोग नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

पुढच्या दिवाळीआधी ते रिटायर झाले आणि उज्जैन सोडून गेले. नवा पत्ता कुणाकडेच नाही. त्यांच्या घरचं असं मी त्यांना एकदाच काही विचारलं, त्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. काल घरी गेल्यावर काय केलंत?

"पाट मांडून ठेवला होता तिनं," ते म्हणाले. "भोवती रांगोळी. ताटात सुपारी, करंज्या. निरांजन विझलेलं. मी हातपाय धुतले, टोपी घातली आणि बसलो थोडा वेळ."