तिची लायब्ररी मी काढून टाकली

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी मावशीचा फोन आला की समजायचं, अ‍ॅप बसलं. "पोरी, ता परत बंद पडला. येशील ना गे?" मावशी म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई आणि मोखाड्यातल्या बायकांच्या एका गटाची अध्यक्ष. गट नागलीची बिस्किटं, पापड, सत्त्व, वरईचे तांदूळ असं बरंच काही करून विकतो. ऑर्डरी घ्यायला आणि पाकिटांवरची लेबलं छापायला त्यांचं एक वेब अ‍ॅप आहे. ते माझ्या मैत्रिणीने आणि मी मिळून रुबी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं. नंतर तिला पुण्यात नोकरी लागली, मी जव्हारला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायला लागले आणि अ‍ॅप माझ्या गळ्यात पडलं.

फोन आला की मी क्लासला दांडी मारून निघायची. नाक्यावर जीप भरेपर्यंत बसायचं, मग कोणाच्या तरी कोंबड्या मांडीशी घेऊन मोखाडा गाठायचं. गटाच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडायचा. मी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत, पहिली ओळ लिहिते न लिहिते तोच मावशी खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि म्हणायची, "तिला फोन लाव."

दर वेळी हेच. "तुला जमतंय का" असं विचारणंसुद्धा नाही. मला त्या गटाकडून दुसरं काही नको होतं. मावशीने एकदा, फक्त एकदा म्हणावं की तूच बघ, तिला कशाला विचारायचं. ते एवढंसं वाक्य मिळत नव्हतं म्हणून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तसा हा हेवा जुनाच. आम्ही दोघी सूर्यमाळकडच्या, शेजारशेजारच्या पाड्यांतल्या. घरी आमची बोली, मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी तर फार पुढची गोष्ट. आश्रमशाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती पहिली यायची, मी दुसरी. दुसऱ्या नंबराला लोक "अरे वा" म्हणतात आणि लगेच पहिल्या नंबराकडे वळतात. पुढे पुण्यात वर्षभर राहून दोघी रुबी शिकलो, तिथेही तीच तऱ्हा. मला एखादी गोष्ट समजायची तेव्हा तिला ती आधीच समजलेली असायची. शिवाय ती दिसायलाही बरी आहे. हे इथे लिहायचं काही कारण नव्हतं, पण लिहिलं.

आमच्या अ‍ॅपचं दुखणं बहुतेक वेळा एकाच जातीचं असायचं. रुबीतलं अ‍ॅप एकट्याच्या जिवावर चालत नाही. फोटो लहान करायला एक, लेबल छापायला दुसरी, अशा कोणी कोणी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या ते सुरू होतानाच मागवून घेतं. रुबीवाले त्यांना जेम म्हणतात आणि कुठली जेम हवीत ते जेमफाइल नावाच्या फायलीत लिहिलेलं असतं. त्यातलं एक जरी वेळेवर हजर झालं नाही तरी सगळं अ‍ॅप रुसतं. "अमुक फाइल लोड करता येत नाही" एवढं म्हणतं आणि तोंड मिटून बसतं.

पहिल्या वेळी खरंच मला कळलं नव्हतं, हे कबूल. मी एक नवं जेम जोडलं होतं. माझ्या लॅपटॉपवर अ‍ॅप मजेत चालत होतं आणि गट ते ज्या सर्व्हरवरून वापरतो तिथे उभंच राहत नव्हतं. मी सगळी जेम पुसून परत टाकली, सर्व्हर बंद करून चालू केला, देवाचं नावही घेतलं. शेवटी फोन लावला. स्पीकरवर तिचा आवाज आला, "अगं, लॅपटॉपवर चालतंय ना? मग जेमफाइलमध्ये त्या नव्या जेमची ओळ कुठल्या गटात टाकलीयस ते बघ आधी." बघितलं तर मी ती ओळ फक्त कोड लिहिणाऱ्याच्या मशीनसाठी असलेल्या गटात घातली होती. सर्व्हर तो गट वगळून पुढे जात होता. ओळ वर सरकवली, अ‍ॅप सुरू झालं.

"बघ," मावशी सगळ्या बायकांना म्हणाली, "तठं पुन्याला बसून केला तिनं."

जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली ती माझी. बोटं चालली ती माझी. नाव मात्र तिचं.

दुसऱ्या वेळी मी तयारीने गेले होते. आम्ही स्वस्तातला नवीन सर्व्हर घेतला होता आणि फोटोंची लायब्ररी अडकली होती. जेम जागेवर होतं, पण ते ज्या सॉफ्टवेअरच्या खांद्यावर उभं असतं ते त्या नव्या सर्व्हरवर कोणी टाकलेलंच नव्हतं. हे मी एरर शेवटपर्यंत वाचून स्वतः शोधलं. लागणारी कमांड लिहूनही झाली होती, फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात मावशीने माझ्याच पर्समधून माझा फोन काढून माझ्या हातात दिला. मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं आणि मी लिहून ठेवलेली तीच कमांड मला अक्षर अक्षर सांगितली. मी काय करणार? तिचं सांगून झालं आणि मी एंटर दाबलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या फोनकडे बघून वाजवल्या होत्या.

त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये मी तोंड फुगवून बसले होते. शेजारची बाई विचारत होती, पोरी, बरं नाही का. बरं नव्हतंच. पोटात दुखत होतं, आणि त्याला गोळी नसते.

तिसऱ्या वेळेने मात्र कळस केला. लेबलावर पॅकिंगची तारीख मराठीत यावी, महिना मराठी, आकडे देवनागरी, म्हणून मैत्रिणीने कधीकाळी एक छोटीशी लायब्ररी लिहिली होती. ती ठेवली होती इंटरनेटवर, तिच्या स्वतःच्या खात्यात. अ‍ॅप नव्याने बसवलं की ते दर वेळी तिच्या दारात जाऊन ती लायब्ररी मागून आणायचं. एकदा तिने तिथे आवराआवर केली, लायब्ररी दुसरीकडे हलवली आणि आम्हाला सांगायचं विसरली. अ‍ॅप बसलं. मी धावले. फोन लागल्यावर ती खळखळून हसली. "अय्या, ते मीच हलवलं गं. थांब हं." तिकडे तिने काहीतरी टकटक केलं आणि इकडे मोखाड्यात अ‍ॅप उठून बसलं. मी हातही लावला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही बया आमच्या अ‍ॅपच्या पोटात बसली आहे. तिथून तिला उठवल्याशिवाय मावशीच्या तोंडून ते वाक्य काही निघायचं नाही.

लायब्ररी मोठी नव्हती, एका बैठकीत लिहून होईल एवढीच. जव्हारच्या खोलीवर बसून मी माझी स्वतःची लिहिली आणि अ‍ॅपच्याच फोल्डरात ठेवली. फायलीला नावही तेच दिलं, म्हणजे बाकी कुठे काही बदलायला नको. चालवून बघितलं. लेबल आलं, तारीख मराठीत. मी खूश. मग मला वाटलं, हिच्यापेक्षा जरा बरं करू, तारखेपुढे वारही घालू. वार घातला. लेबलावर वार काही येईना. परत लिहिला, परत नाही. शेवटी वैतागून मी माझ्या फायलीत मुद्दाम काहीतरी अचरट खरडलं. रुबीने ते वाचलं असतं तर ती जागच्या जागी कोसळायला हवी होती. अ‍ॅप आपलं शांतपणे चालू.

म्हणजे माझी फाइल कोणी वाचतच नव्हतं. मग मी रुबीलाच विचारलं की बाई, तू ही लायब्ररी नेमकी कुठून उचलतेस ते दाखव. तिने पत्ता छापला. त्या पत्त्यात, माझ्या लॅपटॉपच्या आत, माझ्या मैत्रिणीचं नाव होतं. मी जेमफाइलमधली तिची ओळ काढलीच नव्हती. अ‍ॅप सुरू होताना आधी तिची लायब्ररी यायची. मग माझी फाइल मागवली की रुबी म्हणायची, या नावाचं आधीच आलेलं आहे, परत कशाला?

मी लॅपटॉप आपटला नाही, कारण तो हप्त्यांवर घेतलेला आहे. पण खोलीत मोठ्याने म्हटलं, "इथेपण पहिली तूच का गं?"

मग मात्र मी तिची ओळ खोडली. जेम नव्याने बसवली. एरर आली, मी अचरट खरडलेलं पुसलं. आणखी एक एरर आली, तीही वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. माझी फाइल नीट मागवून घेतली. लेबलावर तारीख आली आणि तिच्यापुढे वार आला. मग सर्व्हरवरही तेच केलं. पत्ता परत छापून बघितला तर त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी कोपऱ्यावरून भजी आणली आणि सगळी एकटीने खाल्ली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी न बोलावता मोखाड्याला गेले. खोलीत बायका पापडांची पाकिटं भरत होत्या. मी मावशीला लॅपटॉपसमोर बसवलं, लेबल छापून दाखवलं, वार दाखवला. म्हटलं, "मावशी, आता हे कधी बंद पडलं तर मी एकटी बघीन. तिच्यावाचून काही अडत नाही."

मावशीने लेबल हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "चांगला झाला गे," ती म्हणाली. मी वाट बघत होते. इतक्या खेपा घातल्या होत्या, अजून दोन शब्द तरी येतील असं वाटत होतं. मावशी पदराने लेबलाची कड पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आता तिला फोन नाय लावायचा?"

"नाहीच लागणार आता."

"कवाच नाय?"

"मावशी, तुम्हाला बोलायचं तर तुम्ही लावा की. तुमचीच मुलगी आहे."

"मी लावतंय तं म्हनते, आई, मिटिंगमध्ये हाये. जेवलीस का, बरी हायेस का, ठेवते." मावशी हसली, पण हसू काही धड आलं नाही. "ता बंद पडला का थांबते. तासभर बोलते."

"ती माझ्याशी बोलते, मावशी. कॉम्प्युटरचं बोलते. त्यातलं तुम्हाला काय कळतं?"

"कळत नाय. पन आवाज तं येतो."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. इतकी वर्षं मी समजत होते की मावशी आम्हा दोघींना तराजूत घालते आणि माझं पारडं दर वेळी हलकं पडतं. तराजू नव्हताच. माझ्याकडे तिने कधी त्या नजरेने बघितलंच नव्हतं, माझी हुशारी कोणी नाकारली नव्हती की मोजलीही नव्हती. आणि मग हेवा वाटला तो आतापर्यंत वाटला नव्हता एवढा. मी दर आठवड्याला पाड्यावर घरी जाते, आई म्हणते, "आलीस? पानी आन." माझा नुसता आवाज यावा म्हणून कोणी अशी खुर्ची ओढून बसेल का?

मावशीने लेबल खाली ठेवलं आणि पाकिटं भरायला उठली. मी म्हटलं, "बसा." फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काय झालं गं?" पलीकडून आवाज आला, घाईतला.

"लायब्ररी लोड होत नाहीये," मी म्हटलं.

"कुठली?"

मी मागच्या वेळची तिच्या लायब्ररीची एरर पाठ होती तशी म्हणून दाखवली. समोर स्क्रीनवर अ‍ॅप छान चालू होतं. तिने सर्व्हरवर डोकावून बघितलं असतं तर माझी लबाडी तिथल्या तिथे उघडी पडली असती. पण ती सर्व्हरवर कधी स्वतः शिरायची नाही, तिथलं काम माझ्याच हातांनी करायची.

"परत तेच? अगं, या वेळी मी काही हलवलेलं नाही, तूच काहीतरी केलं असशील. नीट लक्ष का देत नाहीस?" ती वैतागली, पण आवाजातली घाई गेली होती. खुर्चीत सावरून बसल्याचं ऐकू आलं. "बरं, सांगते तसं लिही."

मावशी परत शेजारी येऊन बसली होती. मी मैत्रीण सांगेल ते लिहीत गेले, काही बिघडणार नाही एवढं बघून. मधेमधे मी क्लासमधली नवी मुलंही विचारणार नाहीत असे प्रश्न विचारले, म्हणजे वेळ लागावा. ती उसासे टाकत समजावत होती. एक कमांड चालायला वेळ लागतोय असं मी म्हटलं, तेव्हा मावशीने मधेच विचारलं, "खोकला गेला का गे?" आणि पलीकडून, मोकळाच वेळ होता म्हणून, खोकल्याचं सगळं आलं, मग घरमालकिणीचं, मग पावट्याची भाजी करपली त्याचं. मावशी फोनकडे बघून मान डोलावत होती. मी वाट बघण्याचं सोंग करत राहिले.

"झालं का?" शेवटी तिने विचारलं.

"झालं. चालू झालं."

पापड भरणाऱ्या बायकांनी फोनकडे बघून टाळ्या वाजवल्या. मावशीने माझ्याकडे बघितलं नाही, नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. फोनमधून मैत्रीण सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी मायेने म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं. येईल तुलाही हळूहळू."

"हो," मी म्हटलं. "शिकतेय."