शुक्राचा परिच्छेद

चहाच्या वाफाळत्या ग्लासावर ते तळहात धरीत, ओला झाला की मला दाखवीत आणि म्हणत, "बघा भाऊ, हात हाय तवर पानी हाय. काढला की गेलं."

कर्जतच्या बाजारात तुम्हीही त्यांना पाहिले असेल. मोहोपाड्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात आयुष्य गेलेले, निवृत्तीनंतर कोंडाण्याकडच्या वाडीत परतलेले. तहसील कचेरीसमोर मी पंचवीस वर्षे अर्ज लिहितो. पक्षकार बाकावर टेकताच विषय ओळखतो. हे गृहस्थ टेकतच नसत. फेऱ्या मारीत बोलत.

वाडीला पाणी देणारा झरा एकच. त्याच्या वरचा उतार बंगल्यांच्या प्लॉटसाठी बोडका होणार होता. झाडतोड थांबवावी, एवढाच अर्ज. पण त्यात त्यांना शुक्र ग्रह हवा होता, नातीच्या पुस्तकात वाचलेला.

"तिथं बी कधीकाळी समुद्र असतील म्हनतात. गरमी वाढली, पान्याची वाफ झाली. त्या वाफेचीच गोधडी झाली, गरमी कोंडली, अजून वाफ. बॉयलरचा व्हॉल्व्ह आमी उघडायचो. तिथं कोन उघडनार? शेवटी वर उन्हानं पानीच फोडलं ओ! त्यातला हलका वायू आभाळापार उडाला. आता परत पानी नाय."

"शुक्र साहेबांच्या हद्दीत येत नाही," मी म्हणालो.

"उतार तरी येतो ना? उघडा पडला की ऊन आधी मातीतली ओल पिनार. इथं शुक्र होईल असं नाय म्हनत मी. पन पानी कसं जातं, ते तरी लिवा!"

माझा अर्ज एका पानात संपतो, हा माझा लौकिक. शुक्राचा आणि उतारावरच्या ओलीचा तो परिच्छेद मी समूळ गाळला आणि त्या जागी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे वाक्य घातले. त्यांनी न वाचताच सही केली. "तुमी लिवलंय, म्हंजे बरोबरच असंल."

मग दर सोमवारी फेऱ्या. "उत्तर आलं का? झाडांना खुणा केल्यात ओ!"

सुनावणीची तारीख आली, त्याच्या आठच दिवस आधी ते गेले. शिपायाने नाव तीनदा पुकारले. मी उभा राहिलो.

"अर्जदार?"

"वारले. अर्ज मी लिहिला आहे."

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "झाडांचा आणि झऱ्याचा संबंध काय? यात कुठेच नाही."

"होता, साहेब. मी गाळला."

"मग आता सांगा."

मी शुक्रापासून सुरुवात केली. साहेबांनी पुढची फाईल उघडली, तेव्हा मी जेमतेम समुद्र आटेपर्यंत आलो होतो.