अर्ध्या पोळीचा सौदा

मी ऑफिसांच्या फर्निचरची कंत्राटं घेते. दिल्लीच्या द्वारकेत कुणाच्या मदतीशिवाय जम बसवला, तो तोंडाच्या जोरावर. समोरच्याला निम्म्यावर आणायचं, उठून जायचं नाटक करायचं, त्याने परत बोलावलं की बसायचं. मुलगी अकरावीत जेवेनाशी झाली, तेव्हाही मी हेच केलं.

“एक पोळी खा, दूध माफ.”

“अर्धी. आणि भाजी नको.”

“पाऊण.”

“आई यार, अर्धी!”

अर्धीवर सौदा पटायचा आणि मला वाटायचं, जिंकले. पुढच्या आठवड्यात ती पाव पोळीपासून सुरुवात करायची. भाव पाडणं ती माझ्याकडूनच शिकली होती. ताटासमोर मी काढायचे तो गोड, गिऱ्हाइकी आवाज आठवला की आजही माझीच लाज वाटते.

त्या गणपतीत आर. के. पुरमहून वन्सं आल्या. सगळ्यांसमोर पोरीचं मनगट धरून म्हणाल्या, “किती छान बारीक झालीस गं! आईलाही शिकव जरा.” बायका हसल्या. मीही हसले. वन्संपेक्षा त्या हसण्याची किळस मला जास्त येते. पंधरवड्यात पोर शाळेच्या जिन्यात कोसळली.

तिला भरती केलं त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझं सगळं ऐकून म्हणाल्या, “मॅडम, आप बीमारी से मोलभाव कर रही हैं.” यापुढे ताट त्या ठरवणार. मी समोर बसायचं. लालूच नाही, धमकी नाही, ठरल्यात घट नाही. एक जेवण सुटलं की दुसरं सुटतं, मग पुन्हा भरती.

कित्येक महिने मी बसले. डाळीवर साय धरायची, तूप थिजायचं. पोर किंचाळायची, “तू जेलर आहेस!” मी दात आवळून गप्प. असं गप्प बसणं मला धंद्यात कधी जमलं नव्हतं. हळूहळू ताट रिकामं व्हायला लागलं.

यंदा वन्सं पुन्हा आल्या. पोरीच्या ताटात ठरलेले दोन मोदक होते, पहिला हातात.

“अगंबाई, गाल आले की! आता सांभाळ हं, एकच खा.”

तिने मोदक खाली ठेवला.

“वन्सं, उठा,” मी म्हणाले.

“वहिनी, मी कौतुकच केलं!”

“तुमच्या मागच्या कौतुकाच्या वेळी पोर मरायला टेकली होती. उठा. प्रसाद डब्यात देते.”

त्या रडत गेल्या. डबा इथेच राहिला. मी दार लावून पोरीसमोर बसले.

“आत्याला का घालवलंस? आता सगळे मलाच बोलणार.”

“बोलू देत.”

तिने मोदक बोटाने ताटाच्या कडेला ढकलला. मग म्हणाली, “अर्धा.”

‘दीड’ माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

“तूप बघ किती. शी!”

“हो, आहे.”

शी शी करतच तिने मोदकाचं टोक तोडलं आणि माझ्याकडे रागाने बघत चावलं. रडत रडत तो संपवला. दुसरा अजून ताटात होता. मी खुर्ची पुढे ओढली.