दामल्यांची चाचणी

नवा ब्रोकर तपासायचा झाला की दामले पहिल्या दिवशी एकही शेअर घेत नसत. खात्यात थोडे पैसे भरायचे आणि लगेच परत मागवायचे. "घेताना सगळेच गोड बोलतात, कर्णिकबाई. परत देताना काय करतात ते बघायचं," ते मला म्हणत. दुसरी परीक्षा बाजार उघडतानाच्या गर्दीत. तेव्हा ते ब्रोकरच्या मदतकेंद्राला फोन लावत. पलीकडून 'सर, होल्ड पे रहिए' आलं, की स्पीकर चालू ठेवून मेथी निवडायला बसत.

दिल्लीच्या सरोजिनी नगरातले आमचे सरकारी क्वार्टर एकाच जिन्यावर, कार्यालयही एकच. ते खरेदी विभागात. सगळी नोकरी निविदा तपासण्यात गेलेली. ब्रोकरही ते तसेच पारखत. दलाली किती, छुपे आकार कोणते, स्क्रीन ऐन वेळी अडकतो का. मलाही प्रत्येक गोष्टीची यादी लागते, त्यामुळे आमचं जमलं. त्यांनी नापास केलेल्या ब्रोकरकडे आमच्या जिन्यातलं कोणी गेलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना क्वार्टर सोडायची मुदत लागली. गुडगावच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. शेवटचा मोठा हप्ता ताबा घेताना भरायचा होता आणि त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं शेअर राखून ठेवले होते.

त्याच सुमारास एक ऑनलाइन ब्रोकर त्यांच्या सगळ्या परीक्षांत उतरला. शेअर, सोनं, कच्चं तेल, डॉलर, सगळं एकाच खात्यात. हातातले शेअर तारण ठेवून बाकीचे सौदे करता येत. "तूट आली की तारण विकून मोकळा होतो. भीडभाड ठेवत नाही," हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. वापरल्याशिवाय खरी पारख होत नाही म्हणून त्यांनी फ्लॅटसाठीचे शेअर तारण ठेवले आणि भाव चढेल या हिशेबानं तेलाचा लहानसा सौदा केला. फायदा झाला. मग मोठा केला. तपासून झालंय ना, आता पुरे की, असं मी म्हटलं.

"अजून चाचणी चालू आहे."

पावसाळ्यात सुरू झालेली चाचणी दिवाळीनंतरही संपली नाही. जेवतानाही त्यांचा एक डोळा तेलाच्या भावावर असे.

एका रात्री तेल कोसळलं. सकाळी भाव सावरेल असं धरून दामले सुधावहिनींना घेऊन फ्लॅट तपासायला गेले. नळ सोडून पाहिले, कड्या लावून पाहिल्या. फोन वहिनींच्या पर्समध्ये होता. पैसे भरा, असे ब्रोकरचे निरोप त्यावर येत राहिले. दुपारी दामल्यांनी फोन हातात घेतला, तोवर तारण ठेवलेले शेअर विकले गेले होते. हप्त्यासाठी काही उरलं नाही.

मी तक्रारीचा मसुदा घेऊन वर गेले. त्यांनी तो वाचलाही नाही.

"कसली तक्रार? कळवलं, वेळ दिला, मग विकले. बिल्कुल नियमानं." मसुदा मला परत देत म्हणाले, "ब्रोकर चांगलाच आहे, बाई."

फ्लॅट रद्द झाला. क्वार्टरला मुदतवाढ मिळाली नाही. पानिपतला वहिनींच्या भावाकडे वरच्या मजल्यावर खोल्या रिकाम्या होत्या. ट्रक भरला जात असताना वहिनींनी माझ्यापुढे पडद्यांचं गाठोडं धरलं. फ्लॅटच्या खिडक्यांसाठी खालच्या बाजारातून कापड आणून त्यांनी ते घरीच शिवले होते.

"तुमच्याकडे होतात का बघा."

"नाही होणार," ट्रकमागून दामले म्हणाले. "लांबीला जास्त आहेत."

फ्लॅट पाहून आल्यापासून ती दोघं एकमेकांशी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही.

"मग कापून घ्या," त्या मला म्हणाल्या आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.